मुलाच्या ताब्यासाठी पुण्यात चांगला वकील कसा शोधावा?

तुम्ही लिहिलंय की मुलगा चार वर्षांचा आहे, तुमच्यासोबत पुण्यात माहेरी राहतो, नवऱ्याने नाशिकला घटस्फोटाचा अर्ज टाकलाय आणि वकिलाला द्यायला हाताशी फारसे पैसे नाहीत. माझी केस पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात चालली, म्हणून सांगते.

आधी पैशांचं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रीला सरकारकडून मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा. शिवाय हिंदू विवाह कायद्याखाली केस असेल तर कलम २४ खाली नवऱ्याकडून पोटगीबरोबर केसचा खर्चही मागता येतो.

खाजगी वकील बघायचा असेल तर रोज कौटुंबिक न्यायालयातच उभा राहणारा बघा. सिव्हिल, चेक बाउन्स, सगळंच करणारा नको. कोर्टाच्या व्हरांड्यात तारखेला आलेल्या बायकांशी बोला. वकील तारखेला स्वतः येतो की ज्युनिअरला पाठवतो, हे त्या सरळ सांगतात.

पहिल्याच भेटीत विचारा: अंतरिम ताब्याचा, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या ताब्याचा अर्ज कधी टाकणार? यावर मी मुद्दाम जोर देते. अंतिम निकालाला वर्षं लागतात आणि तेवढा काळ मूल अंतरिम आदेशावरच जगतं. आज तो तुमच्याकडे आहे, त्याची शाळा, डॉक्टर, झोपणं-उठणं इथे आहे. हे कागदावर लवकर आणणारा वकील हवा. "पाच वर्षांखालचं मूल आईकडेच राहतं, काळजी नको" एवढ्यावर थांबणाऱ्यावर विसंबू नका. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात असं मूल 'सामान्यतः' आईकडे असावं, एवढंच आहे, आणि केस चालू असतानाच तुमचा मुलगा पाच वर्षांचा होईल. न्यायाधीश शेवटी मुलाचं हित बघतात.

बापाला भेटू देऊ नका, असा सल्ला देणारा वकील मात्र लगेच सोडा. मला एकाने तो दिला होता, मी फाईल परत घेतली. मुलाला बापापासून तोडून टाकणं कोर्टाला आवडत नाही, आणि खरं सांगायचं तर मुलालाही ते सोसत नाही. मारहाणीची भीती असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा कोर्टातच, देखरेखीखाली भेट मागता येते. निकालाची हमी देणारा किंवा निकालावर फी ठरवणाराही नको. तशी फी ठरवायला वकिलांना परवानगीच नाही.

नाशिकची केस पुण्यात आणायला मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. तो स्वतः करणार की दुसऱ्याकडे देणार, आणि त्याची फी वेगळी का, हे वकीलपत्रावर सही करण्याआधी विचारा. जाताना समन्स, लग्नाचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, शाळेच्या फीच्या पावत्या आणि लसीकरणाचं कार्ड न्या. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, झेरॉक्सच द्या.