'पासिंग लागत नाही' म्हणणाऱ्याकडून ट्रेलर घेताना

प्रश्न : मी निपाणीत राहतो. घरी सात सीटची डिझेल गाडी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका वर्कशॉपमध्ये गाडीमागे ओढायची कॅरॅव्हॅन ४ लाख ८० हजारांना ठरवली, दीड लाख ॲडव्हान्स दिला. ते म्हणतात, "वजन ७०० किलोच आहे, याला पासिंग लागत नाही, तुमची गाडी सहज ओढेल. हूक आम्हीच वेल्डिंग करून देतो." आरसीवर गाडीचं रिकामं वजन १८६० आणि एकूण वजन २५१० किलो आहे. गणपतीत सहा माणसं घेऊन आंबोलीमार्गे मालवणला जायचा बेत आहे. सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर अडवलं तर काय? अपघात झाला तर विमा मिळेल का?

उत्तर : कोगनोळीची काळजी नंतर करा. आधी उरलेले ३ लाख ३० हजार खिशातच ठेवा.

पासिंग लागतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २ मध्ये 'मोटार वाहन' या व्याख्येतच ट्रेलर येतो. त्याला इंजिन नाही, म्हणून तो वाहन नाही, असं होत नाही. कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय तो रस्त्यावर आणता येत नाही. आणलात तर कलम १९२ खाली पहिल्या वेळी २ ते ५ हजार रुपये दंड, पुन्हा सापडलात तर १० हजारांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. तुमच्या बाजूनं एक गोष्ट आहे : केंद्राच्या नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापराचा कॅम्पर ट्रेलर 'नॉन-ट्रान्सपोर्ट' यादीत आहे. म्हणजे घरच्या वापरासाठी परमिटच्या भानगडीत पडावं लागत नाही. भाड्यानं दिलात तर गोष्ट वेगळी.

नोंदणीसाठी विक्रेत्याकडून फॉर्म २१ (विक्री प्रमाणपत्र) आणि फॉर्म २२ (रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचं निर्मात्याचं प्रमाणपत्र) लागतो. फॉर्म २२ च्या मागे वाहनांची चाचणी घेणाऱ्या पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेनं त्या नमुन्याची घेतलेली चाचणी असावी लागते. वर्कशॉपवाल्याकडे ती मंजुरी आहे का, एवढा एकच प्रश्न लेखी विचारा. "करून देऊ" असं उत्तर आलं तर नाही असं समजा. आपल्या भागात शेतीच्या ट्रॉल्या वर्षानुवर्षं कशा फिरतात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यावरूनच "काही होत नाही" हा समज पसरलाय. त्याच ट्रॉल्यांच्या अपघातांनंतर 'ट्रॉलीचा विमा वेगळा होता का' यावर कोर्टात किती वर्षं जातात, ते मात्र कारखान्याच्या गेटवर कोणी सांगत नाही.

सीमाभागातला दुसरा मोह म्हणजे कोल्हापूरच्या पाहुण्यांचा पत्ता देऊन एमएच ०९ ची पाटी घेणं. करू नका. तुम्ही राहता निपाणीत, ट्रेलर उभा राहणार निपाणीत, तर कलम ४० प्रमाणे नोंदणी कर्नाटकातच. तुमच्यासाठी चिक्कोडी आरटीओ, केए २३. वर्कशॉपमधून आणण्यापुरती कलम ४३ ची तात्पुरती नोंदणी मिळते. खोटा पत्ता टोलनाक्यावर चालून जाईलही, पण अपघातानंतर विमा कंपनीचा तपासनीस तोच आधी उकरतो.

आता वजन. इथे विक्रेत्यानं तुम्हाला अर्धंच सांगितलंय. ७०० किलो हे रिकाम्या ट्रेलरचं. त्यात १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, भरलेला घरगुती सिलिंडर सुमारे ३०, बॅटरी, गाद्या, भांडी, तंबू. मालवणला निघताना तो हजाराच्या घरात असेल. त्याचा साधारण दहावा हिस्सा, १०० किलो, हूकवर दाबतो आणि तो तुमच्या गाडीच्या वजनात धरायचा. गाडीत भरायला तुमच्याकडे २५१० वजा १८६०, म्हणजे ६५० किलो. सहा माणसं ४००, सामान ८०, हूक आणि त्याची चौकट २५, हूकवरचा ट्रेलरचा दाब १००; झाले ६०५. कागदावर ४५ किलो उरतात. शिवाय हूक मागच्या चाकांच्याही मागे असल्यानं तो दाब मागच्या ॲक्सलवर जास्तच बसतो आणि पुढची चाकं हलकी होतात, म्हणजे वळणावर स्टीअरिंगची पकड कमी. नोंदलेल्यापेक्षा जास्त वजन घेऊन चालवायला कलम ११३ ची मनाई आहे, गाडीला आणि ट्रेलरलाही. निपाणीत वजनकाटे आहेत. ट्रेलर भरून एकदा काट्यावर घाला आणि पावती जपून ठेवा.

हे झालं गाडीत किती भरावं याचं. गाडी किती ओढू शकते हा आकडा वेगळा, तो इंजिनाच्या ताकदीवरून ठरवायचा नसतो. मॅन्युअल बघा. तिथे ओढायला मनाई लिहिली असेल तर विषय संपला. काहीच लिहिलं नसेल तर कंपनीला ईमेल करून ब्रेक असलेल्या आणि ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी वेगवेगळी मर्यादा विचारा. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतातच. आंबोली उतरताना हजार किलोचा बिनब्रेकचा ट्रेलर मागून ढकलत असेल, तर तिथे माझा काही उपयोग नाही. चालत्या ट्रेलरमध्ये मुलांना झोपवण्याचा विचारही नको.

चॅसीवर वेल्डिंग करू देऊ नका. कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मना करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. हूक बसवायचाच तर कंपनीनं त्या मॉडेलसाठी मान्य केलेला, बोल्टवर बसणारा.

लायसन्सची चिंता नको, तुमचं एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाचं) पुरेल. ट्रॅक्टरला ट्रेलर जोडला म्हणून चालकाचं लायसन्स निकामी होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्येच 'नागशेट्टी' प्रकरणात म्हटलंय.

विम्यासाठी पॉलिसीच्या पहिल्या पानावरचा आयडीव्हीचा, म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीचा, तक्ता उघडा. त्यात बहुधा 'ट्रेलर' असा रकाना दिसेल आणि तो रिकामा असेल. ट्रेलरची नोंदणी झाली की त्याचा थर्ड पार्टी विमा काढा आणि गाडीच्या विमा कंपनीला ट्रेलर ओढणार असल्याचं लेखी कळवा. नोंदणी नसलेला ट्रेलर लावून कोणाला धडक बसली, तर जखमीला भरपाई द्यावी लागेलच. ती शेवटी तुमच्या घरावर आणि शेतावर येऊ शकते.

राहिला ॲडव्हान्स. मंजुरीची प्रत आणि दोन्ही फॉर्म पंधरा दिवसांत द्या, नाहीतर दीड लाख परत करा, अशी नोटीस स्पीड पोस्टानं पाठवा. 'पासिंग लागत नाही' असं त्यांनी व्हॉट्सॲपवर लिहिलं असेल तर ते डिलीट होण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. पैसे आले नाहीत तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली तक्रार करा. विक्रेता महाराष्ट्रातला असला तरी कलम ३४ मुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावच्या जिल्हा आयोगापुढे ती चालते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.