जुन्या रेकॉर्ड डिजिटल करायच्या आहेत. त्यासाठी जुना टर्नटेबल बदलून नवा घ्यावा का?

रेकॉर्ड ठेवायची तबकडी एकसारख्या वेगाने फिरत असेल आणि टोनआर्म (सुई धरणारा दांडा) सैल झाला नसेल, तर टर्नटेबल बदलू नका. आधी सुई आणि तबकडी फिरवणारा बेल्ट असेल तर तोही नवा घाला. आवाज सगळ्यात जास्त बिघडतो तो झिजलेल्या सुईमुळे, आणि ती रेकॉर्डची खाचही कायमची खरवडते. एका रेकॉर्डचं डिजिटायझेशन शक्यतो एकदाच होतं, म्हणून निम्मं बजेट सुई आणि कार्ट्रिजवर (सुईची थरथर विजेच्या संकेतात बदलणारा भाग) गेलं तरी चालेल. वेग घरीच तपासा: तबकडीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवा, एल.पी. लावून सुई खाचेत ठेवा आणि फेरे मोजा. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने ३ मिनिटांत बरोबर १०० व्हायला हवेत. सूर मध्येच थरथरत असेल तर तो दोष नंतर सॉफ्टवेअरने नीट निघत नाही.

मात्र जुना प्लेअर सिरॅमिक कार्ट्रिजचा, सुईचा भार कमी-जास्त करायची सोय नसलेला असेल, तर खरंच बदला. त्यातली सुई बहुधा ५ ग्रॅम किंवा जास्त भाराने टेकते. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला साधारण २ ग्रॅम पुरतात. स्वस्त सूटकेस प्लेअरमध्येही हीच अडचण असते, यूएसबी असलं तरी. मॅग्नेटिकला फोनो प्रीअँप (कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणारं उपकरण) लागतो, तो खर्च धरा.

नाट्यसंगीताच्या लाखेच्या ७८ आरपीएम रेकॉर्ड असतील तर ७८चा वेग आणि सुमारे ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वेगळी सुई हवीच. एल.पी.ची बारीक सुई त्यांच्यावर अजिबात लावू नका.