मेकॅनिक म्हणून भरती झालेला माणूस वैमानिक होऊन जनरल होऊ शकतो का?
सोलापुरातली आयटीआयची मुले हा प्रश्न मला नेहमी विचारतात, तेव्हा मी अमेरिकेच्या चक येगर यांचे उदाहरण आवर्जून देतो. १९४१ मध्ये ते विमानांचे मेकॅनिक म्हणून भरती झाले, पुढे लढाऊ वैमानिक बनले आणि १४ ऑक्टोबर १९४७ रोजी सरळ उड्डाणात ध्वनीचा वेग ओलांडणारे पहिले वैमानिक ठरले. दोनच दिवस आधी घोड्यावरून पडून बरगड्या मोडल्याने विमानाचे दार ओढता येईना, म्हणून त्यांनी झाडूच्या दांड्याच्या तुकड्याने ते लावले. विक्रमापेक्षा मला ही जिद्द मोलाची वाटते. १९६९ मध्ये ते ब्रिगेडियर जनरल, म्हणजे जनरल दर्जाच्या पदांतल्या पहिल्या पायरीचे अधिकारी झाले. आपल्या हवाई दलात पूर्ण जनरलच्या तोडीचे पद एअर चीफ मार्शल हे असून, नांदेड जिल्ह्यातले लढाऊ वैमानिक विवेक राम चौधरी यांनी ते २०२१ ते २०२४ या काळात भूषवले.