बेसॉल्ट आणि वालुकाश्म यांत फरक काय? नुसतं बघून ओळखता येतो का?

येतो, भिंगसुद्धा लागत नाही.

आपल्या सह्याद्रीतला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, अग्निज खडक. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा निवून तो तयार झाला. लाव्हा भराभर थंड झाला, स्फटिकांना वाढायला वेळच मिळाला नाही. म्हणून ताजी फुटलेली कपची काळी, एकजीव दिसते, कण सुटे दिसत नाहीत. कधी त्यात बारीक भोकं असतात, ती वायूच्या बुडबुड्यांची. भोकांत झिओलाइट नावाचं पांढरं खनिज भरलेलं दिसलं तर शंकाच नको.

वालुकाश्म गाळाचा. बदामीची लेणी त्यातच कोरलीत. वाळू साचली, दबली, कण एकमेकांना चिकटले. बोट फिरवलं की खरखरीत लागतो, जवळून कण वेगळे दिसतात. पाण्याचा थेंब टाकून बघा: सच्छिद्र वालुकाश्म तो पिऊन टाकतो, घट्ट बेसॉल्टवर थेंब तसाच बसून राहतो.

एका गोष्टीने मात्र पुष्कळ जण फसतात. घाटातल्या कड्यांवर आडवे पट्टे दिसले की 'थर आहेत, म्हणजे गाळाचा खडक' असं वाटतं. ते थर गाळाचे नव्हेत, एकावर एक वाहत आलेल्या लाव्ह्याचे आहेत.