नवीन मोठ्या शहरात टेक आणि डिझाइनच्या मीटअप्सना जाऊन खरंच काही फायदा होतो का?

प्रश्न पूर्ण वाचला. तुम्ही यूआय डिझायनर (ॲपच्या, साइटच्या स्क्रीन आखणारे), तीन वर्षांचा अनुभव, मोठ्या शहरात नवीन, ओळखीपाळखी नाहीत, स्वभाव बुजरा, आणि विचारताय की डिझायनरांच्या मीटअपला (एकाच क्षेत्रातल्या लोकांच्या ठरवून होणाऱ्या भेटीला) जावं की डेव्हलपरांच्या, आणि जाऊन नोकरीच्या दृष्टीने काही होतं का. इथपर्यंत ठीक होतं. पण शेवटी जे लिहिलंय ना, की ऑफिसातले सिनियर म्हणतात "हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, दहा-पंधरा टाळकी जमतात, फोटो काढतात आणि घरी जातात", त्या ओळीमुळे मी लिहायला बसले, नाहीतर वाचून पुढे गेले असते. ती दहा-पंधरा टाळकी जमवण्यात माझे कित्येक शनिवार गेलेत. आणि हेच वाक्य मी बाहेरच्याकडून नाही, आमच्याच आयोजकाच्या तोंडून ऐकलंय.

नोकरीचं आधी उरकते. फायदा होतो, पण तुम्हाला वाटतोय तसा नाही. दारातून आत आल्या आल्या सगळ्यांचे लिंक्डइनचे क्यूआर कोड स्कॅन करत फिरणाऱ्या कुणाचं भलं झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या एका उपनगरात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं होतं की ज्याच्याकडून कळलं तो तुम्हाला कितीदा भेटायचा. १९७३ साली छापलेल्या त्याच्या निबंधात नेहमी भेटणाऱ्यांकडून कळलं असं सांगणारे जेमतेम १७ टक्के निघाले, बाकीच्यांना कधीमधी किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाकडून कळलं होतं. कारण साधं आहे, तुमच्या जिगरी दोस्तांना त्याच जागा माहीत असतात ज्या तुम्हाला आधीच माहीत आहेत. मीटअप म्हणजे अशा अर्धवट ओळखींची खाण. पण अर्धवट ओळख व्हायला पण माणसाने तुम्हाला काहीतरी करताना बघितलेलं लागतं, नुसतं खुर्चीत बसलेलं बघून कुणी कुणाचं नाव सुचवत नाही.

रिकामटेकड्यांबद्दल म्हणाल तर ५ मार्च १९७५ ला कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कमध्ये गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये तीसेक रिकामटेकडे जमले होते, अल्टेअर नावाचं जुळणी करायचं कॉम्प्युटर किट बघायला. होमब्रू कॉम्प्युटर क्लब. स्टीव्ह वॉझ्नियाक त्यात होते, आणि पुढे ॲपल-१ चं डिझाइन त्यांनी याच क्लबात दाखवलं, सर्किटचे आराखडे फुकट वाटले. दर गॅरेजमधून ॲपल निघत नाही हे मलाही कळतं, पण तिथे कुणी स्पॉन्सरचा बॅनर लावून "आमच्याकडे काम करणं कसं असतं" यावर वीस मिनिटं घेतली नव्हती.

आता आमचं सांगते. आमचा ग्रुप सुरुवातीला डेव्हलपर आणि डिझायनर दोघांचा मिळून होता, मी डिझाइनवाली आणि सहआयोजक बॅकएंडवाला, म्हणजे सर्व्हरच्या बाजूचा कोड लिहिणारा. माणूस हुशार, कष्टाळू, प्रोजेक्टर बंद पडला तर स्वतःच्या गाडीने जाऊन दुसरा आणणारा. पण डोक्यात एकच, आकडा. किती आरएसव्हीपी, म्हणजे येतो म्हणून नाव नोंदवलेले, किती आले, ग्रुपचे मेंबर किती झाले. एका कंपनीने मोठा हॉल द्यायची तयारी दाखवली, अट अशी की आधी त्यांचा एचआर बोलणार, मग त्यांचाच एक सॉफ्टवेअर आर्किटेक्ट, आणि उरलेल्या वेळात आमचं काय ते. तो खूश. हॉल भरला, हे खरंय. पण पुढच्या महिन्यात त्यातलं कोण परत आलं ते बघा म्हटलं तर म्हणे पुढच्या महिन्यात पण मोठा स्पीकर आणू.

मी म्हटलं एक महिना मला द्या. स्पीकर नाही, स्लाइड नाहीत, स्पॉन्सर नाही. प्रत्येकाने आपलं अडलेलं काम घेऊन यायचं आणि सगळ्यांसमोर उघडायचं. एका मेंबरच्या ऑफिसातली मीटिंग रूम मिळाली, आणि आले किती, तर पंधराएक लोक.

त्यात एक डिझायनर मुलगी होती, तिने अपॉइंटमेंट घ्यायचा एक फॉर्म आणला होता. दिसायला देखणा, स्पेसिंग एकदम नीट. तिची तक्रार होती की लोक दुसऱ्या पायरीवर सोडून जातात आणि का ते कळत नाही. पहिली दहा मिनिटं नेहमीचं चाललं, बटणाचा रंग बदला, पायऱ्या कमी करा, प्रोग्रेस बार द्या. मागच्या रांगेत एकजण बसला होता, आधी पण यायचा पण तोंड उघडायचा नाही, टेस्टिंग करतो एवढंच माहीत होतं. तो म्हणाला, मला लिंक द्या, माझ्या लॅपटॉपवर उघडतो. त्याला दिसत नाही, तो एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरतो, हे बऱ्याच जणांना तेव्हाच कळलं. त्याने स्पीकर चालू केला तर आवाज एवढा भरधाव की आम्हाला एक शब्द कळेना. तो म्हणाला, अच्छा, तुमच्यासाठी स्लो करतो. सगळे हसले, आणि पुढची पाच मिनिटं कुणीच हसलं नाही.

पुढच्या रकान्यावर नेणारी टॅबची कळ दाबली, रीडर म्हणाला, "एडिट, ब्लँक". परत टॅब, "एडिट, ब्लँक". परत तेच. नाव, फोन, ईमेल, तिन्ही रकाने त्याच्यासाठी बिननावाचे. लेबलं स्क्रीनवर होती हो, सुंदर फॉन्टमध्ये होती, पण कोडमध्ये ती नुसती वर ठेवलेली अक्षरं होती, रकान्याशी जोडलेलीच नव्हती. मग तारखेचं कॅलेंडर, तिथे टॅब थांबलाच नाही, कारण ते सगळं डिव्ह, म्हणजे कोडमधले नुसते रिकामे डबे, रचून बनवलेलं. "पुढे" हे बटण पण डिव्हच, त्यामुळे टॅब थेट तळाच्या प्रायव्हसी पॉलिसीवर जाऊन पोचला. तो म्हणाला, मला तुमची प्रायव्हसी पॉलिसी नीट वाचता येतेय, अपॉइंटमेंट तेवढी मिळत नाहीये. मग मुद्दाम चुकीचा फोन नंबर टाकून माउसने कुणाकडून तरी "पुढे" दाबून घेतलं, तर रकान्याची कड लाल झाली. रीडर गप्प.

इथून पुढे जे भांडण झालं ना, त्यासाठी मी मीटअप घेते. एक फ्रंटएंडवाला, म्हणजे डिझाइनवरून स्क्रीनचा कोड लिहिणारा, म्हणाला, हे डिझाइनमध्ये दिलेलंच नसतं, आम्हाला कसं कळणार लेबल कशाचं आहे. ती म्हणाली, रकान्याच्या वर नाव लिहिलंय, अजून काय द्यायचं असतं. तो म्हणाला, एरर आल्यावर काय मजकूर दाखवायचा तो कुठे लिहिलाय, मला फक्त लाल कड दिसतेय. ती गप्प, मग म्हणाली की तू कधी विचारलंस का. आणि मजा म्हणजे दोघं एका कंपनीतले पण नव्हते, एकमेकांच्या कंपन्यांचा राग एकमेकांवर काढत होते. शेवटी त्याच फ्रंटएंडवाल्याने तिचा कोड तिथेच उघडला. डिव्हच्या जागी खरं बटण टाकलं, लेबलं रकान्यांना जोडली, एररचा मजकूर लिहून तो रकान्याला बांधला. कुणीतरी सूचनांच्या करड्या अक्षरांचा काँट्रास्ट, म्हणजे ती मागच्या रंगावर किती उठून दिसतात ते, तपासला. ज्याच्या रंगाच्या कोडमध्ये सगळे नऊ असतात तो करडा रंग, जो आपण डोळे झाकून वापरतो, पांढऱ्यावर त्याचं गुणोत्तर २.८५ येतं, आणि डब्ल्यूसीएजी या, साइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून केलेल्या नियमावलीच्या डबल ए पातळीला साध्या मजकुरासाठी ४.५ लागतं. म्हणजे दिसणाऱ्यांमधले पण बरेच लोक ते डोळे बारीक करूनच वाचत असणार. परत फॉर्म चालवला, या वेळी त्याने शेवटपर्यंत भरला.

त्या टेस्टरला पुढचं काम त्याच संध्याकाळमधून मिळालं. बायोडेटा न देता, क्यूआर कोड न दाखवता. त्या मुलीने आपल्या कंपनीत जाऊन सांगितलं की हा माणूस आपल्याला हवाय.

आणि दुसऱ्या दिवशी आयोजकांच्या ग्रुपवर सहआयोजकाचा मेसेज, "पंधरा लोकांसाठी एवढा उपद्व्याप? मागच्या वेळी हॉल भरला होता." वर हेही की डिझाइनवाले आले की डेव्हलपर कंटाळतात, ग्रुप वेगळे करू. केले वेगळे. आज त्याच्या ग्रुपचे मेंबर हजारांत आहेत, असं मीटअप या साइटवरच्या त्याच्या पानावर लिहिलंय. ते हजार म्हणजे काय ते मला विचारा. मेंबरांचा आकडा कधी कमी होत नाही, शहर सोडून गेलेले त्यात आहेत, फील्ड सोडलेले आहेत, एकदाच चुकून क्लिक केलेले आहेत. फुकटच्या कार्यक्रमाला नाव नोंदवलेल्यांपैकी निम्मे आले तरी आयोजक देवाला हात जोडतो. शिवाय ती यादी तुमची नसतेच. मीटअप ही साइट २००२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली, २०१७ मध्ये ऑफिसच्या जागा भाड्याने देणाऱ्या वीवर्क कंपनीने घेतली, २०१९ मध्ये येणाऱ्यांकडूनच आरएसव्हीपीचे २ डॉलर घेऊन बघायचा प्रयोग केला तेव्हा आयोजकांनी आकाशपाताळ एक केलं, २०२० मध्ये वीवर्कने विकली, २०२४ मध्ये ती बेंडिंग स्पून्स या इटालियन कंपनीकडे गेली. दर वेळी मालक बदलला आणि प्रत्येक आयोजकाच्या "माझे मेंबर" त्याच्याबरोबर गेले. मी त्याला तेव्हाच म्हणत होते की आपली ईमेल यादी आपण ठेवू. असो.

हे तुम्हाला कशाला सांगतेय, तर शोधताना मेंबरांचा आकडा बघून जाऊ नका. मागच्या पाच-सहा कार्यक्रमांचे फोटो बघा, तीच काही तोंडं परत परत दिसतायत का, आणि त्यांच्यात एखाददुसरं नवीन आहे का. दोन्ही असलं तर जा. सगळीच नवीन असली तर तिथे कुणी टिकत नाही, सगळी जुनीच असली तर तो मित्रांचा कट्टा आहे. मग गेल्यावर ब्रेकमध्ये लोक कसे उभे राहतात ते बघा. सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिणाऱ्यांच्या राइट द डॉक्स या कम्युनिटीतले एरिक होल्शर यांचा, व्हिडिओ गेममधल्या उघड्या तोंडाच्या पॅक-मॅनवरून एक पॅक-मॅन नियम आहे, घोळक्यात उभं राहताना एका माणसाएवढी फट उघडी ठेवायची, म्हणजे नवीन आलेल्याला शिरता येतं. जिथे सगळे पाठी करून गोल बंद करून उभे असतात तिथे स्पीकर कितीही मोठा असो, परत जाऊ नका. आणि टॉक कंटाळवाणं असेल तर उठून बाहेर या, त्यात उद्धटपणा काही नाही. जमलेल्यांनीच विषय ठरवायच्या अशा ओपन स्पेस पद्धतीच्या बैठका सुरू करणाऱ्या हॅरिसन ओवेन यांनी तर हा नियमच करून ठेवलाय, जिथे शिकतही नाही आणि देतही नाही तिथून आपल्या पायांनी दुसरीकडे जायचं.

बुजऱ्या स्वभावाचं म्हणाल तर नोंदणीच्या टेबलावर बसा. खरंच सांगते. आयोजकाला आदल्या दिवशी मेसेज करा की मी लवकर येतो, काय मदत हवी. आयोजक कधीच नाही म्हणत नाही, त्याच्याकडे माणसं नसतातच. टेबलावर बसलं की प्रत्येक माणूस आपणहून तुमच्याकडे येतो, नाव सांगतो, आणि तुम्हाला विषय शोधावा लागत नाही. हॉलमध्ये कोपऱ्यात मोबाइल बघत उभं राहण्यापेक्षा हे दहापट सोपं. तिसऱ्या-चौथ्या वेळी पाच मिनिटांचं लायटनिंग टॉक, म्हणजे झटपट छोटं भाषण, मागा. पाच मिनिटांत फार काही फजिती होत नाही.

आता थोडं उलट बाजूचं. कंपन्यांचे हॉल सगळेच वाईट नसतात, जागा फुकट कोण देतं, आणि काही कंपन्या दोन मिनिटांत स्वतःचं सांगून बाजूला होतात. मोठी टॉक्स पण ऐकावीत कधीतरी. उशिरापर्यंत चालणारे, लांबचे कार्यक्रम सगळ्यांना जमत नाहीत, विशेषतः घरी लहान मूल असेल तर, त्यांनी न जाण्यात काही कमीपणा नाही. वागणुकीचे नियम कार्यक्रमाच्या पानावर लिहिलेले नसतील आणि तक्रार कुणाकडे करायची तेही नसेल तर बायकांनी एकटीने पहिल्यांदा जाताना विचार करावा, हे मी अनुभवाने सांगते. आणि काही विषयांचे ग्रुप खरंच बंद पडलेत, पानं तेवढी उघडी आहेत, तेव्हा शेवटचा कार्यक्रम कधीचा आहे ते बघून घ्या.

राहिलं डिझायनर की डेव्हलपर. डिझायनरांच्या मीटअपला तुमचं कौतुक होईल. पोर्टफोलिओ दाखवला की सगळे मान डोलावतात, फॉन्ट कुठला म्हणून विचारतात, दोन-चार चांगले मित्र पण मिळतात, ते वाईट नाही. पण तुमची स्क्रीन जे बनवणार आहेत ती माणसं त्या खोलीत नसतात. महिन्यात एकच शनिवार मोकळा मिळत असेल तर डेव्हलपरांकडे जा, तुमची एक अर्धवट स्क्रीन घेऊन, आणि विचारा की हे बनवताना तुम्हाला माझ्याकडून काय काय लागेल. तिथे कुणी म्हणालं की डिझाइनवाल्यांचा वेगळा ग्रुप आहे, तिकडे जा, तर बसून राहा.