टस्कनीत सहा दिवस ग्रॅव्हल : किमी नका मोजू, चढ मोजा

तुम्ही दोघांनी विचारलंय की मे महिन्यात इटलीतल्या टस्कनीत ग्रॅव्हल, म्हणजे खडीच्या कच्च्या रस्त्यांवर सायकल चालवायला हातात सहा दिवस आहेत, पुण्यात रोड बाइकवर सिंहगड-पानशेत नेहमीचं आहे, तर एरोइकाचा (जुन्या सायकलींवरची तिथली प्रसिद्ध राइड) २०९ किमीचा पर्मनंट रूट, जो वर्षभर कुणालाही करता येतो, दोन दिवसांत उरकून बाकीचे दिवस रोम-फ्लॉरेन्सला द्यावेत का. माझं स्पष्ट मत, असं करू नका. सहाही दिवस सायकलला द्या आणि तोच रूट तोडून तोडून करा. दोन दिवसांत जमणार नाही असं नाही, फिटनेस असेल तर जमेल, पण मग ज्यासाठी जाताय ती गावं फक्त पाटीवरच्या नावापुरती दिसतील.

आधी रूटचं बघू. गायोले इन क्यांतीहून निघून ब्रोलिओचा किल्ला, सिएनाच्या बाहेरून बुऑनकॉन्व्हेंतो, मोंताल्चिनो, आश्यानो, कास्तेलनुओव्हो बेरार्देंगा, राद्दा करत परत गायोले. साडेतीन हजार मीटरच्या वर चढ आणि निम्म्याच्या आसपास रस्ता कच्चा. सिंहगड एकदा चढला की उतरताना पाय मोकळे होतात, इथे तसं नाही, दोन किमी चढ, दीड किमी उतार की लगेच पुन्हा बारा-पंधरा टक्क्यांचा चढ, आणि तोही खडीवर, जिथे पेडलवर उभं राहिलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं, म्हणून सीटवर बसूनच चढायचं. दिवसाला शंभर किमी हा डांबरी रस्त्यावरचा हिशोब झाला. इथे दिवसाला हजार-बाराशे मीटर चढ धरा, किमी होतील तेवढे होतील, बहुतेक पन्नास-साठ भरतात.

आणि चढ नेमका शेवटी येतो, कारण मुक्कामाचं गाव माथ्यावर. क्यांती म्हणजे फ्लॉरेन्स आणि सिएनामधली सरहद्द, शेकडो वर्षं भांडणं. ४ सप्टेंबर १२६० ला सिएनाने फ्लॉरेन्सला मोंतापेर्तीला हरवलं ती जागा तुमच्या रूटपासून फार लांब नाही. १५५५ मध्ये सिएना पडलं तेव्हा तिथले काही लोक मोंताल्चिनोत जाऊन बसले आणि १५५९ पर्यंत तग धरून राहिले. अशा मुलखात गावं तटबंदी घालून डोंगरावरच वसणार, गडकोट बघत वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तुमच्यासाठी मुद्दा एवढाच की दुपारी चारला 'फक्त आठ किमी राहिले' असं मॅपवर दिसलं तरी पाणी आणि खायला काहीतरी शिल्लक ठेवा.

पहिले दोन दिवस गायोले किंवा राद्दाला राहा. ब्रोलिओचा सायप्रसच्या रांगांमधून जाणारा पांढऱ्या खडीचा चढ पहाटे करा, ऑक्टोबरातल्या मूळ एरोइकात अंधारात तिथे दोन्ही बाजूंना दिवे लावलेले असतात. हा किल्ला रिकासोली घराण्याचा, त्यातला बेत्तिनो रिकासोली इटलीचा दुसरा पंतप्रधान झाला आणि क्यांती वाइनमध्ये कुठली द्राक्षं किती घालायची हेही त्यानेच घालून दिलं. मग खाली आश्यानो किंवा बुऑनकॉन्व्हेंतो, हा क्रेते सेनेसीचा भाग, झाडं कमी, नुसत्या मातीच्या लाटा, आणि माझ्या मते सगळ्या रूटमधला सगळ्यात सुंदर तुकडा इथेच आहे, मोंते सान्ते मारिए. याच पांढऱ्या रस्त्यांवरच्या स्त्रादे बियांके या व्यावसायिक रेसमध्ये हा सेक्टर (कच्च्या रस्त्याचा तुकडा) साडेअकरा किमीचा असतो, कान्चेलारा या रेसरने ती तीनदा जिंकली म्हणून त्याला त्याचं नाव दिलंय. सावली नाही, पाणी नाही, दोन बाटल्या भरूनच आत शिरा. जवळच मोंते ओलिवेतो माज्जोरे हा १३१३ सालचा मठ आहे, त्याच्या ओवरीतली भिंतीवरची चित्रं बघायला तासभर काढाच, फक्त दुपारी बंद असतो तेवढं सांभाळा. शेवटचे दोन दिवस रूट सोडून पिएन्झा आणि सान क्विरिको. पोप पायस दुसरा याने १४५९ पासून आपलं जन्मगाव नव्याने बांधून घेतलं ते पिएन्झा. या दोन गावांमधला वितालेताच्या छोट्या चॅपेलवरून जाणारा कच्चा रस्ता घ्या, डांबरी नको. संध्याकाळी बान्यो विन्योनीला जा, चौकातल्या गरम पाण्याच्या कुंडात उतरायला बंदी आहे पण खाली जुन्या गिरण्यांच्या बाजूला तेच पाणी दगडातल्या पाटांतून वाहतं, तिथे पाय सोडून बसता येतं.

हे पांढरे रस्ते अजून आहेत याचं बरंचसं श्रेय एरोइकालाच. जानकार्लो ब्रोच्चीने १९९७ मध्ये ती सुरू केली ती जुन्या सायकलींच्या प्रेमातून, आणि या रस्त्यांवर डांबर पडू नये म्हणूनसुद्धा. तिथे कच्चा रस्ता दिसला की 'अजून झाला नाही वाटतं' असं समजू नका, तो मुद्दाम जपलाय.

आता उतार, कारण चढापेक्षा काळजी त्याची जास्त. गाड्यांच्या चाकांनी दोन स्वच्छ पट्टे पडलेले असतात आणि सुटी खडी मध्ये आणि कडेला साचते. एका पट्ट्यात राहा, पट्टा बदलायचा असेल तर वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, स्पीड कमी करून, वळणात कधीच नाही. वळणाच्या बाहेरच्या अंगाला खडी सगळ्यात जास्त. ब्रेक वळणाआधी, वळताना चाक मोकळं. आणि हे फार महत्त्वाचं, आपल्याकडे बऱ्याच सायकलींना उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, तिकडे साधारणपणे डावा असतो. भाड्याची सायकल घेतल्यावर दुकानासमोरच चेक करा आणि नको असेल तर बदलून मागा, खडीच्या उतारावर हात सवयीने चुकीचा ब्रेक दाबतो.

सायकल मुंबईहून नेऊ नका, सहा दिवसांसाठी भाड्यानेच घ्या, पेडल, शूज आणि हवं तर सीट तेवढी न्या. टायर ४० मिमीच्या आसपास, ट्यूबलेस. पुढची आणि मागची सगळ्यात हलकी चकती निदान सारख्या दातांची हवी, पुढे ३४ तर मागे ३४, त्याहून हलकं मिळालं तर डोळे झाकून घ्या. बुकिंग करतानाच हे लिहून विचारा.

पाऊस पडला तर क्रेतेमध्ये जाऊ नका. तिथली चिकणमाती टायरला चिकटते, फ्रेम आणि टायरच्या फटीत भरते आणि चाक फिरायचंच थांबतं, काठीने खरवडून पुढे वीस पावलं गेलं की परत तेच. मे २०१० च्या जिरोत (इटलीची मोठी सायकल रेस) मोंताल्चिनोच्या स्टेजला कॅडेल एव्हन्स जिंकला तेव्हा त्याची वर्ल्ड चॅम्पियनची जर्सी चिखलाने ओळखू येत नव्हती, आणि तो महिना तुमचाच. पाऊस थांबल्यावर निदान अर्धा दिवस ऊन पडू द्या. तोवर क्यांतीतल्या खडकाळ रस्त्यांवर फिरा, तिथे पाणी लवकर निथळतं.

जेवणाचं, साधारण साडेबारा ते अडीच, त्यानंतर किचन बंद, दुकानंही चारपर्यंत बंद. सकाळीच ब्रेड-चीज-फळं घेऊन ठेवा. तुम्ही शाकाहारी आहात तर पिची आल्लाल्योने मागा, जाड हाताने वळलेला पास्ता, टोमॅटो आणि भरपूर लसूण, सायकल चालवून आल्यावर याच्यासारखं दुसरं काही नाही. रिबोल्लिता दिसायला नुसत्या भाज्यांचं सूप, पण मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं, विचारून घ्या. तिथल्या ब्रेडमध्ये मीठच नसतं, घामाच्या दिवशी मिठाची सोय वेगळी करा. नळावर 'नोन पोताबिले' लिहिलेलं पाणी भरायचं नाही.

मेंढ्यांच्या कळपाबरोबर पांढरी मोठी मारेम्मानो कुत्री असतात. जोरात पळवायचा प्रयत्न करू नका, उतरा, सायकल मध्ये धरा, हळू चालत कळपापासून लांब व्हा.

रोमला उतरणार असाल तर रीजनल ट्रेनने क्युसी, तिथून सिएनाची ट्रेन, ती आश्यानोलाही थांबते. सायकलचं चिन्ह असलेल्या रीजनल ट्रेनमध्ये सायकलचं वेगळं तिकीट काढून ती तशीच चढवता येते. गायोलेला रेल्वे नाही. २५ एप्रिल, १ मे आणि २ जूनला तिकडे सुट्टी असते, त्याला लागून वीकेंड आला की आग्रितुरिस्मो, म्हणजे शेतावरची राहायची ठिकाणं, भरतात आणि बरेच जण दोन-तीन रात्रींपेक्षा कमी बुकिंग घेतच नाहीत, म्हणून मी वर दोन-दोन रात्री धरल्यात. मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जा, गहू तेव्हा हिरवा असतो, आणि राहायचं आत्ताच बुक करून टाका, व्हिसाच्या फाइलला ते लागणारच आहे.