स्पोर्ट्स कारचे इंजिन माउंट : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मे महिन्यातील उन्हाने होरपळलेल्या गाड्या पावसाळ्याच्या तोंडावर गॅरेजमध्ये येऊ लागल्या, की थरथर, धक्के आणि खडखडाट यांविषयीच्या प्रश्नांची संख्या वाढते. या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख इंजिन माउंटकडे, म्हणजे इंजिन गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणाऱ्या आणि आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला फाउंडेशन म्हणतात त्या रबरी आधाराकडे असल्यामुळे संपूर्ण सदर त्यालाच दिले आहे.

प्रश्न : माझ्याकडे सेकंडहँड घेतलेली २००९ ची मॅन्युअल पोर्शे बॉक्स्टर आहे. क्लच सोडताना मागून ‘धप्प’ असा आवाज येतो. मेकॅनिकचे म्हणणे असे की, सगळे फाउंडेशन पीयूचे टाकले तर पुन्हा बघावे लागणार नाही. तसे करावे का? (धरमपेठ)

उत्तर : सरसकट पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, टाकू नये असे माझे स्पष्ट मत आहे. माउंटकडून आपण दोन परस्परविरोधी अपेक्षा ठेवतो. इंजिनाची बारीक थरथर गाडीच्या सांगाड्यात उतरू नये म्हणून तो मऊ असावा लागतो, आणि जोरात पिकअप घेताना किंवा ॲक्सिलरेटर एकदम सोडताना इंजिन जागचे हलू नये म्हणून तो कडकही असावा लागतो. गाडी बनवणारी कंपनी या दोहोंमधला तोल त्या विशिष्ट इंजिनाचे वजन, टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि सिलिंडरांची रचना पाहून साधते. तुमच्या बॉक्स्टरमध्ये इंजिन आसनांच्या लगेच मागे असते. त्याच्या पुढच्या बाजूला एक माउंट आणि मागे गिअरबॉक्सला दोन माउंट अशा तीनच ठिकाणी सारा भार पेललेला असतो. या तिन्ही जागा एकदम कडक केल्या, तर इंजिनाची थरथर थेट तुमच्या पाठीशी येऊन पोहोचते, आणि शहरातल्या रोजच्या वापरात ती फार लवकर नकोशी होते.

रबराचा कडकपणा शोअर ए या मापात सांगतात; आकडा जितका मोठा तितके ते कडक. कारखान्यातून येणारे रबर साधारण ४५ ते ६५ च्या दरम्यान असते, तर बाजारात मिळणारे पीयू ७० पासून ९५ पर्यंत जाते. मात्र केवळ या आकड्यावरून निवड करू नका. मूळ माउंटच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात आणि थोडी हालचाल त्या पोकळ्यांमध्येच जिरते; पीयूचा तुकडा त्या पोकळ्या भरून टाकतो, त्यामुळे ७५ शोअरचा तुकडासुद्धा आकड्यावरून वाटतो त्यापेक्षा बराच कडक वागतो.

तुम्ही तिन्ही माउंट मूळ कडकपणाचेच नवे घ्यावेत, आणि गिअरबॉक्सचे दोन तर नेहमी जोडीनेच बदलावेत, कारण एक नवा आणि एक दबलेला असला की इंजिन किंचित तिरके बसते व नव्या माउंटवर जादा भार येतो. त्यानंतर काही महिने गाडी चालवूनही गिअर बदलताना अधिक नेमकेपणा हवा असे वाटले, तर फक्त पुढच्या माउंटमध्ये मध्यम कडकपणाचा पीयू तुकडा बसवता येईल. तो आवडला नाही तर काढताही येतो. अर्थात, खर्च करण्याआधी गाडी लिफ्टवर घेऊन सस्पेन्शनचे बुश आणि ॲक्सलचे सांधे तपासून घ्या. असाच आवाज त्यांच्यातूनही येतो.

प्रश्न : सिग्नलवर एसी सुरू असताना माझ्या ऑटोमॅटिक गाडीचे स्टिअरिंग थरथरते. माउंट गेला असे समजावे का? (मनीषनगर)

उत्तर : एवढ्यावरून समजू नये. एसीच्या कॉम्प्रेसरचा भार पडला की आयडलिंगवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन संथ चालू राहण्यावर, परिणाम होतो, आणि प्लग, कॉइल किंवा थ्रॉटल बॉडीत दोष असेल तर इंजिनच मुळात अडखळत असते. ब्रेक दाबून ठेवून गाडी ‘डी’ मधून न्यूट्रलमध्ये घ्या. थरथर लगेच ओसरली तर संशय माउंटवर जातो. तशीच राहिली तर आधी इंजिनाची तपासणी करावी. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असताना त्याची मुख्य थरथर सेकंदाला सुमारे २७ वेळा होते, आणि नेमकी हीच थरथर अडवणे माउंटला सर्वांत अवघड जाते. म्हणूनच दोष पहिल्यांदा सिग्नलवर जाणवतो, हमरस्त्यावर नव्हे.

प्रश्न : माझ्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसमध्ये फक्त खालच्या डॉगबोन माउंटला पीयू तुकडा बसवावा असा सल्ला मिळाला आहे. महिन्यातून दोनदा समृद्धी महामार्गाने नागपूरहून मुंबईला जातो. (वर्धा रोड)

उत्तर : आडव्या बसवलेल्या इंजिनात वरचे दोन माउंट मुख्यतः वजन पेलतात आणि खालचा डॉगबोन इंजिनाचे पुढे-मागे झुलणे रोखतो. त्यामुळे कमी खर्चात फरक जाणवावा यासाठी डॉगबोन ही योग्य जागा आहे, आणि पुढची चाके घसरताना होणारी आदळआपट त्याने खरोखर कमी होते. पण तुमच्या प्रवासाचा विचार करता मी थांबण्याचा सल्ला देईन. समजा गाडी एका वेगाने जात असताना इंजिन २,४०० फेऱ्यांवर आहे. तेव्हा त्याची थरथर ८० हर्ट्झची असते, आणि कडक डॉगबोनमधून ती केबिनमध्ये घुमणाऱ्या आवाजाच्या रूपाने येते. ७०१ किलोमीटर हा घुमारा ऐकत जाणे थकवणारे आहे. मूळ डॉगबोन नवा टाकून पाहा. जुने रबर सैल झाले असेल तर तेवढ्यानेही गाडी पुष्कळ सुधारते.

प्रश्न : मिनी कूपर एसच्या उजव्या माउंटवर काळसर ओघळ दिसतो. इंजिन ऑइल गळत आहे का? (सदर)

उत्तर : बहुधा नाही. तो माउंट द्रवाने भरलेला असतो आणि फाटला की द्रव बाहेर येतो. या गाडीत हा दोष सर्रास आढळतो. द्रव पुन्हा भरता येत नाही, माउंट बदलावाच लागतो.

प्रश्न : शोरूमचा माउंट परवडत नाही. बाहेरचा किंवा भंगारातला घ्यावा का? (गांधीबाग)

उत्तर : भंगारातला कधीही घेऊ नका, कारण रबर न वापरताही कडक होत जाते आणि आपल्याकडील उन्हात बोनेटखाली तर ते अधिकच लवकर होते. बाहेरचा मात्र अवश्य घ्यावा, फक्त नाव पाहून घ्यावा. झेडएफची लेम्फर्डर आणि फ्रॉयडेनबर्गची कॉर्टेको या कंपन्यांचा माल चांगला असतो. दुकानातच खोका उघडून रबराजवळ साच्यात उमटलेला छोटा गोल शिक्का शोधा. अनेक माउंटवर असा शिक्का असतो. त्याच्या मध्यभागी वर्षाचे दोन अंक असतात, कडेने १ ते १२ आकडे असतात आणि बाण निर्मितीच्या महिन्याकडे वळलेला असतो. चार-पाच वर्षे पडून असलेला माउंट, कितीही नवा दिसला तरी, परत करावा.

प्रश्न : कोइम्बतूरच्या ट्रॅकवर गाडी चालवण्याचा विचार आहे. ॲल्युमिनियमचे सॉलिड माउंट बसवावेत का? (सिव्हिल लाइन्स)

उत्तर : ज्या गाडीने ट्रॅकवरून घरी परतायचे आहे, तिच्यात बसवू नयेत. रबर नसले की प्रत्येक हादरा ब्रॅकेट, बोल्ट आणि सबफ्रेमवर पडतो व त्यांना तडे जाण्याचा धोका वाढतो. मध्यम कडकपणाचे पीयू तुमच्यासाठी पुरेसे आहे.

बसवण्याच्या कामाबद्दल मात्र आग्रहाने सांगतो, कारण चांगला माउंटही घाईने बसवला तर वाया जातो. जॅक थेट ऑइल सम्पला, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला, लावू देऊ नका, मध्ये रुंद लाकडी फळी असलीच पाहिजे. सर्व बोल्ट आधी सैल लावून, इंजिन हलवून त्याच्या नैसर्गिक जागी बसू द्यावे आणि मगच टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, आवळावे. ठरावीक टॉर्कनंतर आणखी ९० अंश फिरवायचे जे बोल्ट असतात, ते ताणले गेलेले असल्यामुळे पुन्हा वापरता येत नाहीत. माउंटसोबत ते नवेच मागवावेत, आणि गॅरेजमध्ये टॉर्क रेंच नसेल तर गाडी तिथे सोडू नये.